मच्छीमारांच्या दारी आलेले विद्यापीठ

शाश्वत विकास या विषयाची पदव्युत्तर पदवी आज परदेशातील अनेक विद्यापीठे देतात. १९५२ साली नेदरलँड्समधील हेग येथे सामाजिक अध्ययनाची संस्था स्थापन झाली आणि १९८७ साली ब्रुंटलँड आयोगाच्या अहवालाने ‘शाश्वत विकास’ हा शब्द जगभर नेला. या शिक्षणाचा इतिहास बहुधा येथूनच सांगितला जातो. परंतु त्याचे एक जुने मूळ कॅनडातील मच्छीमारांच्या स्वयंपाकघरांत आहे, आणि ते आपण ख्रिस्ती कुटुंबांनी जाणून घेण्यासारखे आहे.

कॅनडाच्या पूर्व किनाऱ्यावरील नोव्हा स्कोशिया प्रांतात अँटिगोनिश नावाचे लहानसे गाव आहे. तेथील विद्यापीठ संत फ्रान्सिस झेवियर यांच्या नावाचे. ज्यांचे अवशेष गोव्यात आहेत, तेच हे संत. विसाव्या शतकाच्या आरंभी या भागातील मच्छीमार, शेतकरी व खाणकामगार दारिद्र्यात होते आणि तरुण मंडळी बोस्टनची वाट धरीत होती. विद्यापीठाचे उपाध्यक्ष फादर जिमी टॉम्पकिन्स यांना एक शल्य बोचत होते. विद्यापीठ हुशार मुलांना शिकवते, मुले शिकून निघून जातात आणि गाव होते तेथेच राहते. ज्ञान सामान्य जनांपर्यंत न्यावे, अशी मागणी करणारी पुस्तिका त्यांनी १९२१ साली काढली. पुढच्याच वर्षी, विद्यापीठांच्या एकत्रीकरणावरून बिशपांशी मतभेद होऊन, त्यांची केन्सो या गरीब मच्छीमार धर्मग्रामात रवानगी झाली.

ही रवानगीच फलदायी ठरली. १ जुलै १९२७ रोजी देश आपला हीरकमहोत्सव साजरा करीत असता केन्सोच्या मच्छीमारांनी सभा घेऊन आपली दैना जाहीर केली. सरकारला चौकशी आयोग नेमावा लागला. १९२८ साली विद्यापीठाने लोकशिक्षणाचा विस्तार विभाग उघडला. त्याचे संचालक होते टॉम्पकिन्स यांचे आतेमामे नात्यातले बंधू, फादर मोझेस कोडी.

कोडींची पद्धत साधी होती. प्रथम गावसभा घ्यायची, नंतर आठदहा जणांची अभ्यासमंडळे करायची. रात्री कोणाच्या तरी स्वयंपाकघरात बसून मंडळी आपलाच प्रश्न अभ्यासीत: आपल्या शेवंडाला दलाल कवडीमोल देतो, तो बाजारात कितीला विकला जातो? उत्तर सापडले की कृती करायची. त्यातून सहकारी कारखाने, पतसंस्था व दुकाने उभी राहिली. संत मार्थाच्या भगिनींनी ग्रंथालय व महिलामंडळांचे काम उचलले. १९३० च्या दशकाअखेर अभ्यासमंडळांची संख्या हजाराच्या पुढे गेली होती.

महायुद्धानंतर सहकारी संस्था टिकल्या, पण मंडळे विरळ झाली. हिशेब राहिला, अभ्यास मागे पडला. १९५९ साली कोडी निवर्तले. त्याच वर्षी त्यांच्या नावाने विद्यापीठात आंतरराष्ट्रीय संस्था निघाली. आशिया, आफ्रिका व लॅटिन अमेरिकेतील कार्यकर्ते, धर्मगुरू व धर्मभगिनी तेथे येऊन शिकले, भारतातूनही गेले. त्यांना पदविका मिळे. पण खरी परीक्षा मायदेशी परतल्यावर, आपल्याच माणसांत होई.

येथेच आजच्या उच्च शिक्षणापुढचा प्रश्न उभा राहतो. पूर्वी प्राध्यापक चिखल तुडवीत गावी जात. आता विद्यार्थी मोठे शुल्क भरून विमानाने विद्यापीठात जातो. यात वाईट काही नाही. परंतु दारिद्र्याचा अभ्यास करणारा जर दरिद्री माणसाला केवळ प्रबंधातच भेटणार असेल, तर टॉम्पकिन्स यांचे शल्य तसेच उरते.

आपल्याकडे १९१८ साली, म्हणजे अँटिगोनिशच्या विस्तार विभागाआधी दहा वर्षे, मोन्सिन्योर पी. जे. मोनीस यांनी वसईत सहकारी पतसंस्थेचा पाया घातला. तिचीच पुढे मोठी बँक झाली. पैशाचे सहकार्य आपण शिकलो, ही अभिमानाची गोष्ट आहे. आता आपल्या धर्मग्रामांतील पदवीधर आठवड्यातून एक संध्याकाळ शेजाऱ्यांसह अभ्यासाला बसतील काय? पदवी घरात आली, एवढ्याने गावाचे समाधान होत नाही.