बोललं कुणी, लिहिलं कुणी?



कोणता फोन घ्यावा, कोणतं ॲप कामाचं, मोबाइलमध्ये नवीन काय आलंय, असं तुम्ही मला नेहमी विचारता. मला यंत्रांचं वेड आहे, त्यामुळे बोलायला निमित्तच हवं असतं. पण आज कॅमेरा नाही, बॅटरी नाही, किंमत नाही. आज एका छोट्या बटणाबद्दल बोलू. मोबाइलवर मराठी लिहायला घेतलं की अक्षरांच्या कडेला माइकचं चित्र दिसतं. ते दाबायचं आणि बोलायचं. बोललेलं समोर लिहून येतं. माझं मत विचाराल, तर आपल्या हातात आलेल्या सगळ्या यंत्रांमध्ये बायकांच्या सगळ्यात जास्त कामाचं हेच आहे. असं का म्हणते ते कळायला थोडं मागे जावं लागेल, आणि सुरुवात आपल्या असोद्यापासूनच करता येईल.

बहिणाबाई चौधरींचा जन्म १८८० सालचा, असोद्याच्या महाजनांच्या घरातला. लग्न होऊन त्या जळगावच्या चौधरींकडे गेल्या. त्यांना लिहिता-वाचता येत नव्हतं. शेतात, जात्यावर, चुलीपुढे काम चालू असताना त्यांच्या तोंडून गाणी येत. ती आज आपल्यापर्यंत पोहोचली, कारण मुलगा सोपानदेव आणि नात्यातले पितांबर चौधरी यांनी ती लिहून ठेवली. १९५१ मध्ये बहिणाबाई गेल्या. पुढे सोपानदेवांनी ती वही आचार्य अत्र्यांना दाखवली, आणि १९५२ मध्ये ‘बहिणाबाईंची गाणी’ हे पुस्तक निघालं. आज जळगावच्या विद्यापीठाला त्यांचं नाव आहे. जरा विचार करा, घरात लिहिणारं कुणी नसतं तर? बुद्धी त्यांची, शब्द त्यांचे, पण ते टिकले दुसऱ्याच्या हातामुळे. ज्या घरात लिहिणारा नव्हता, तिथल्या बायकांची गाणी त्यांच्याबरोबरच गेली. त्यांची गणती कुणाकडेच नाही.

दुसरी गोष्ट धुळ्याची. १९३२ साली विनोबा भावे धुळ्याच्या तुरुंगात होते. तिथे दर रविवारी ते गीतेवर बोलत. गीतेचे अध्याय अठरा, तशी प्रवचनंही अठरा झाली. ऐकणाऱ्यांत साने गुरुजी होते. त्यांनी विनोबा बोलतील तसं झरझर लिहून घेतलं. आज घरोघरी दिसणारं ‘गीता प्रवचने’ हे पुस्तक असं तयार झालं. विनोबा स्वतः मोठे लेखक, पण हे पुस्तक त्यांनी लिहायला बसून लिहिलेलं नाही. ते बोलले, आणि ज्याच्या हातावर भरवसा ठेवावा अशा माणसानं ते टिपलं.

या दोन्ही गोष्टींत लिहिणारा माणूस प्रेमाचा होता. प्रत्येक वेळी तसा मिळतोच असं नाही.

आपल्या आज्या-पणज्यांच्या काळी बोलणाऱ्याचं लिहून घेणारा बहुतेक वेळा सावकार असायचा. तो कागदावर काय लिहितोय ते शेतकऱ्याला वाचता येत नसे. खाली अंगठा उठवला की संपलं. १२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातल्या सुपे गावात शेतकरी सावकारांवर चालून गेले, आणि मग ते लोण पुणे आणि नगर जिल्ह्यांतल्या कितीतरी गावांत पसरलं. इतिहासात याला दख्खनचे दंगे म्हणतात. लोकांचा रोख कशावर होता? कर्जरोख्यांवर. बऱ्याच ठिकाणी कागद हाती आला की त्यांनी तो फाडला किंवा जाळला. पुढे १८७९ मध्ये सरकारनं शेतकऱ्यांसाठी कायदा केला. शेतकऱ्याचा कर्जाचा कागद गावासाठी नेमलेल्या निबंधकासमोर लिहिला जावा, अशी त्यात तरतूद होती. म्हणजे लिहिणाऱ्याच्या हातावर कुणाची तरी नजर हवी, हे सरकारलाही पटलं होतं.

बचत गटाच्या पंचसूत्रीत नियमित बैठक, बचत, अंतर्गत कर्ज आणि परतफेड यांच्या जोडीला नोंदी ठेवणं का आहे, ते आता लक्षात येईल. वही हा गटाचा जीव आहे. तरीही किती गटांत दहा जणी बोलतात आणि लिहिणारी एकच असते! ती गावाला गेली की वही बंद. ती नसली की कुणाच्या तरी शाळकरी मुलाला बोलवायचं, नाहीतर नवऱ्याच्या हाती वही द्यायची.

आता यंत्रांकडे येऊ. माणसाच्या हाताशिवाय आवाज टिपायचं पहिलं साधन म्हणजे आवाज भरून ठेवणारं यंत्र. एडिसननं १८७७ मध्ये ते केलं. आपल्या घरांत ते टेपरेकॉर्डर होऊन बऱ्याच उशिरा आलं. बायकांसाठी त्याचा मोठा उपयोग केला तो पुण्याच्या हेमा राईरकर आणि गी पॉइतवाँ यांनी. गावोगावी गिरणी आली, जातं कोपऱ्यात गेलं, आणि जात्याबरोबर ओव्याही थांबायला लागल्या. तेव्हा या दोघांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी महाराष्ट्रातल्या हजाराहून जास्त गावांतून एक लाखाहून जास्त ओव्या गोळा केल्या. आधी वहीत लिहून घेतल्या, पुढे बऱ्याचशा टेपवर भरल्या. बर्नार्ड बेल नावाचे संगीताचे आणि संगणकाचे जाणकार त्यांना येऊन मिळाले, आणि तो सगळा साठा संगणकात नीट लावला गेला. २०१७ पासून ‘पारी’ या पत्रकारितेच्या उपक्रमानं त्या ओव्या गाणाऱ्या बाईच्या आणि गावाच्या नावानिशी लोकांपुढे आणल्या. मला यातली एक गोष्ट फार आवडते. ओवीबरोबर बाईचं नाव टिकलं, आणि तिचा आवाजही टिकला.

पण टेप फक्त ऐकता येते. वहीत ती उतरवायला पुन्हा माणूसच लागतो. यंत्रानं स्वतः मराठी लिहायची, तर आधी त्याला आपली अक्षरं यायला हवीत, आणि ते काम काही सोपं नव्हतं.

छापखान्यात शिशाचे खिळे जुळवून मजकूर लावायचे. इंग्रजीची अक्षरं सव्वीस. आपली मुळाक्षरं, काना-मात्रा, वेलांट्या, जोडाक्षरं धरली तर खिळे शेकड्यांनी लागत. हे खिळे कमी व्हावेत म्हणून लोकमान्य टिळकांनी खटपट केली. सावरकरांनी तर ‘इ’ ऐवजी ‘अ’ला वेलांटी देऊन लिहायला सुचवलं. जुन्या पुस्तकांत तसं लिहिलेलं तुम्ही पाहिलं असेल. यंत्राला जमत नाही म्हणून भाषेनंच आपला वेश बदलावा, अशी ती वेळ होती.

संगणक आल्यावर उलटं झालं. भाषा होती तशी राहिली आणि यंत्राला शिकवायचं काम सुरू झालं. कानपूरच्या आयआयटीत सुरू झालेलं भारतीय लिप्यांचं काम पुण्याच्या सी-डॅक संस्थेत पुढे वाढलं. ही संस्था १९८८ ची. भारतीय भाषांसाठी इनस्क्रिप्ट नावाची कळपाटी ठरली. स्वर एका बाजूला, व्यंजनं दुसऱ्या बाजूला. तरी एक दुखणं राहिलंच. एका संगणकावर टाइप केलेलं मराठी दुसऱ्यावर उघडलं की नुसता गिचमिड काला दिसायचा, कारण प्रत्येक कंपनीनं अक्षराला आपापला क्रमांक दिलेला होता. युनिकोड आलं आणि हा घोळ मिटत गेला. जगातल्या प्रत्येक लिपीच्या प्रत्येक अक्षराला एकच ठरलेला क्रमांक, अशी ही व्यवस्था. १९९१ च्या पहिल्याच आवृत्तीत देवनागरी होती. त्या क्रमांकांना रूप द्यायला अक्षरांचे साचे लागतात, म्हणजे फॉन्ट. कितीतरी वर्षं संगणक उघडला की दिसायचा तो ‘मंगल’ फॉन्ट आपल्या कोल्हापूरच्या र. कृ. जोशींनी घडवला.

यात हौशी लोकांचाही मोठा वाटा आहे. ज्यांना आपण गमतीनं ‘किडे’ म्हणतो, रात्ररात्र संगणकाला चिकटून बसणारे, त्यातलेच हे. मराठीतला अर्धा र घ्या. ‘आचाऱ्यांना बोलवा’ म्हटलं तर स्वयंपाकी येतील, आणि ‘आचार्यांना बोलवा’ म्हटलं तर गुरुजी येतील. हा फरक यंत्राला नीट दाखवता यावा म्हणून भांडणारे लोक होते. ‘ॲ’ या अक्षराला युनिकोडमध्ये स्वतःची जागा मिळाली ती २००८ मध्ये. १ मे २००३ ला सुरू झालेला मराठी विकिपीडिया तर एक पैसाही न घेता लिहिणाऱ्यांनीच उभा केला. बाहेरून पाहिलं तर हे लोक रिकामटेकडे वाटतात. पण आपण आज गटाच्या ग्रुपवर सरळ मराठीत निरोप धाडतो, त्यात त्यांचा घाम आहे.

एवढं झाल्यावर ऑगस्ट २०१७ मध्ये गुगलनं बोलून टाइप करायच्या सोयीत मराठी आणली. म्हणजे आपलं ते माइकचं बटण. त्यासाठी महाग फोन लागत नाही, साधा स्मार्टफोनही चालतो. म्हणून माझं सांगणं आहे की गटाचे पैसे भारी फोनवर घालू नका.

पण हा नवा लिहिणारा कसा आहे ते ओळखून घ्या. यंत्राला अर्थ कळत नाही. हजारो तासांचं बोलणं आणि त्याचं लिखाण शेजारी शेजारी ठेवून त्याला शिकवलेलं असतं. कोणत्या आवाजाला कोणतं अक्षर आणि कोणत्या शब्दामागे बहुतेक कोणता शब्द येतो, याचा तो अंदाज बांधतो. जे पुष्कळदा ऐकलं ते त्याला पटकन येतं. जे कधी ऐकलं नाही, त्याच्या जागी तो ओळखीचा शब्द बसवतो. तुम्ही ‘घरोट’ म्हणाल, तो भलतंच काही लिहील. ‘काय करी ऱ्हायनी’ म्हणाल, तर तो गोंधळेल किंवा तुमची अहिराणी पुसून पुण्या-मुंबईचं मराठी करून ठेवेल. आपल्या खानदेशीची नोंद ग्रिअर्सनसाहेबांनी भारताच्या भाषांची पाहणी करताना १९०७ च्या खंडात केली होती. पुस्तकात ती शंभर वर्षांपूर्वीच गेली. यंत्राच्या कानाला मात्र तिची सवय अजून व्हायची आहे. बहिणाबाईंची गाणी लिहून घेताना सोपानदेवांनी आईची बोली सुधारली असती, तर आपल्या हाती काय उरलं असतं?

दुसरा धोका पैशाचा. ‘सात हजार’ आणि ‘साठ हजार’ मोठ्यानं म्हणून पाहा. घाईत बोललं, शेजारी पंखा चालू असला, तर यंत्र एकाचं दुसरं करू शकतं. ‘हप्ता भरला नाही’ मधला ‘नाही’ गळला तर? सुप्याच्या शेतकऱ्यांना न वाचता अंगठा दिल्याचं दुःख होतं. आपण न वाचता बोटानं ‘पाठवा’ दाबलं, तर वेगळं काय केलं?

म्हणून गटांसाठी चार गोष्टी सांगते. पहिली, इतिवृत्त बोलून लिहा, पण ठरावाखाली सह्या व्हायच्या आधी एकीनं ते सगळ्यांपुढे मोठ्यानं वाचायचं. दुसरी, रक्कम अंकात आणि अक्षरात, दोन्ही रीतींनी लिहायची आणि ती बोटानं तपासायची. तिसरी, सगळ्यांची हरकत नसेल तर बैठकीचा आवाजही भरून ठेवायचा, म्हणजे वाद झाला तर मूळ बोलणं ऐकता येईल. चौथी, या माइकपुढे पिन, ओटीपी, खातेक्रमांक बोलायचा नाही, कारण पुष्कळदा आपला आवाज इंटरनेटवरून दूरच्या संगणकाकडे जातो आणि तिथून अक्षरं होऊन परत येतो.

आणि एक काम थोडं मोठं आहे. केंद्र सरकारनं जुलै २०२२ मध्ये ‘भाषिणी’ हा उपक्रम सुरू केला. त्यात ‘भाषादान’ नावाचा भाग आहे. आपण वाक्यं वाचून आवाज द्यायचा, किंवा दुसऱ्यानं बोललेलं ऐकून लिहायचं, म्हणजे यंत्राला भाषा शिकवायला मदत होते. यंत्र ज्यांचे आवाज ऐकतं, त्यांचंच नीट लिहितं. त्यात शहरातले, पुरुषांचे, शिकलेल्यांचे आवाज जास्त आणि आपले थोडे असतील, तर तो आपल्याला अडाणीच समजणार. दुपारी कामं आटोपली की गटातल्या तिघी-चौघींनी मिळून अर्धा तास द्या. म्हाताऱ्या सासूबाईंनाही बसवा, त्यांचा आवाज सगळ्यात मोलाचा आहे.

बहिणाबाईंना सोपानदेव मिळाले, विनोबांना साने गुरुजी मिळाले. आपल्याला एक यंत्र मिळालंय. ते इमानी आहे, पण अर्धवट शिकलेलं आहे. त्याच्याकडून काम करून घ्या, त्यानं लिहिलेलं वाचून पाहा, आणि चुकलं तिथे आपला शब्द परत बसवा. पुढच्या बैठकीत वही लिहायची पाळी अशा बाईला द्या, जिनं आजवर कधी लिहिलेलं नाही. ती बोलेल, यंत्र लिहील, आणि बाकीच्या जणी तपासतील.