जिवंत पुरले जाण्याचें भय

१४ डिसेंबर १७९९ च्या रात्रीं अमेरिकेचा पहिला अध्यक्ष जॉर्ज वॉशिंग्टन हा माउंट व्हर्नन येथील आपल्या घरीं मरणोन्मुख पडला होता. घशाच्या विकारानें त्याचा श्वास कोंडत होता, आणि त्या काळच्या वैद्यकास अनुसरून डॉक्टरांनीं त्याच्या अंगांतून पुष्कळ रक्त काढलें होतें. ज्या पुरुषानें आठ वर्षें युद्ध चालविलें, त्यानें अखेरच्या घटकेस आपला चिटणीस टोबायस लीअर यास जवळ बोलावून मागणें मागितलें तें एवढेंच कीं, आपण मेल्यावर तीन दिवस लोटल्यावांचून आपलें शरीर दफनगृहांत ठेवूं नये. लीअरला गहिंवरामुळें बोलवेना. त्यानें नुसती मान हलविली. तेवढ्यानें रुग्णाचें समाधान झालें नाहीं. आपलें म्हणणें नीट समजलें ना, असें त्यानें पुन्हां विचारून घेतलें, आणि होकार कानीं पडल्यावरच तो निश्चिंत झाला. मरणाला तो भीत नव्हता. मेल्यानंतर जागे होण्याची मात्र त्यास धास्ती होती.

भय हें अज्ञानाचें अपत्य आहे असें आपण मुलांस सांगत आलों आहों. आणि अंधार, भूत, पिंपळावरचा मुंजा यांपुरतें तें खरेंहि असेल. परंतु जिवंत पुरले जाण्याच्या या भयाचा इतिहास पाहूं गेल्यास निराळाच प्रकार आढळतो. तें खेड्यांतल्या चुलीपाशीं वाढलें नाहीं, विद्यापीठांत वाढलें. त्याचे जनक वैद्य होते, आणि त्याचे बळी बहुतेक लिहिणारे-वाचणारे, शहाणेसुरते लोक होते.

माणसांच्या भयांची यादी करण्याचा छंदहि याच काळचा. वॉशिंग्टनच्या सैन्यांत डॉक्टर म्हणून काम केलेला बेंजामिन रश यानें १७८६ सालीं अशी एक यादी छापली. तींत उंदराचें भय आहे, मांजराचें आहे, एकटेपणाचें आहे. डॉक्टरांचें भय आहे, चर्चमध्यें जाण्याचें भय आहे, आणि घर टाकून गुत्त्यांत रमणाऱ्या गृहस्थांना जडलेलें स्वगृहाचें भयहि आहे. रम या मद्याचें भय मात्र फारच दुर्मिळ, असें तो गंभीरपणें नोंदवितो. थट्टेंतली ही यादी पुढें शास्त्राची झाली. १८७१ सालीं बर्लिनच्या वेस्टफाल यानें मोकळ्या चौकांच्या भयाचें वर्णन केलें. आणि १८९१ सालीं इटालियन मनोवैद्य एनरिको मॉर्सेली यानें जिवंत पुरले जाण्याच्या भयास ‘टॅफेफोबिया’ असें ग्रीक नांव दिलें. रोगाचें बारसें झालें तेव्हां रोग दीडशें वर्षांचा झालेला होता.

कारण त्याचा जन्म साधारणपणें १७४० चा धरावा लागतो. त्या सालीं पॅरिस येथें झाक-बेनिन्य विन्स्लोव्ह नांवाच्या, मूळच्या डेन्मार्कच्या, परंतु फ्रान्समध्यें कीर्ति मिळविलेल्या शरीरशास्त्रज्ञानें एक प्रबंध मांडला. त्याचा निष्कर्ष थोडक्यांत असा कीं, श्वास बंद होणें, नाडी न लागणें, अंग गार पडणें यांपैकीं मृत्यूचें एकहि लक्षण खात्रीचें नाहीं. शरीर कुजूं लागणें हीच काय ती निःसंशय खूण. विन्स्लोव्ह यास स्वतःला तरुणपणापूर्वीं दोन वेळां मेलेला समजण्यांत आलें होतें असें सांगतात. प्रबंध लॅटिनमध्यें होता, म्हणून तो तेथेंच राहता. परंतु १७४२ सालीं ब्रुइए नांवाच्या डॉक्टरानें त्याचें फ्रेंच भाषांतर केलें आणि त्यास गोष्टींची भली मोठी पुरवणी जोडली. शवपेटींतून ऐकूं आलेले आवाज, कबर उघडली तेव्हां पालथीं सांपडलेलीं प्रेतें, बोटांतली अंगठी चोरण्यास आलेल्या चोराच्या सुरीनें जागी झालेली श्रीमंत स्त्री. ही अंगठीची गोष्ट युरोपांतील कितीतरी शहरें आपापलीच म्हणून सांगतात. स्त्रीचें नांव तेवढें बदलतें. ब्रुइएनें पुरावा फारसा पारखला नाहीं. पण पुस्तक युरोपभर गेलें, आणि झोंप उडालेल्यांची संख्या वाढली.

येथें एक गोष्ट ध्यानांत घेण्यासारखी आहे. अशा गोष्टी पूर्वींहि होत्याच. मग अठराव्या शतकांतच त्यांनीं घर कां केलें? आम्हांस त्याचें कारण असें दिसतें कीं, मेलेला माणूस खरोखरच उठूं शकतो हें त्याच शतकांत सिद्ध झालें. १७६७ सालीं ॲम्स्टरडॅम येथें बुडालेल्यांस वांचविण्यासाठीं एक मंडळी निघाली, १७७४ सालीं लंडन येथें तशीच दुसरी. कालव्यांतून वर काढलेलीं, निपचित, निळीं पडलेलीं माणसें तोंडांत हवा फुंकून, अंग चोळून, ऊब देऊन शुद्धीवर आणलीं जाऊं लागलीं. (गुदद्वारांतून तंबाखूचा धूर सोडण्याचाहि एक उपाय होता, तो कां चाले हें कोणीं विचारूं नये.) बुडालेला जर परत येतो, तर तापानें गेलेला कशावरून येणार नाहीं? आणि तो परत येईल तेव्हां भोंवतीं कोण असेल? ज्या विद्येनें मरणाची वेस थोडी मागें सारली, तिनेंच ती वेस पुसट करून ठेवली.

जर्मनांनीं या प्रश्नास जर्मन पद्धतीनें उत्तर दिलें, म्हणजे त्यासाठीं इमारती बांधल्या. हूफेलांड या वैद्याच्या खटपटीनें १७९२ सालीं वायमार येथें पहिलें ‘प्रेतगृह’ उघडलें, आणि पुढें फ्रांकफुर्ट, म्युनिच इत्यादि शहरांनीं त्याचें अनुकरण केलें. येथें प्रेतें कुजण्याचीं चिन्हें स्पष्ट दिसेपर्यंत ठेवावयाचीं. दालन उबदार, कारण थंडीनें जागा होणारा पुन्हां गारठूं नये. भोंवतीं फुलें, कारण दुर्गंध. प्रत्येक प्रेताच्या बोटाला दोरी बांधलेली, दोरीचें दुसरें टोंक शेजारच्या खोलींतील घंटेला, आणि त्या खोलींत रात्रंदिवस पहारेकरी. मार्क ट्वेननें म्युनिचचें असें गृह पाहिलें होतें आणि १८८३ सालच्या आपल्या मिसिसिपीवरील पुस्तकांत त्यावर एक अंगावर कांटा आणणारी कथा रचली. घंटा वाजत नसत असें नाहीं. कुजतांना शरीर फुगतें, हात सरकतो, दोरी ओढली जाते. पहारेकरी धांवत जाई आणि परत येई. शंभर वर्षांच्या अवधींत या गृहांतून एखादा मृत उठून घरीं गेल्याचा विश्वासार्ह दाखला नाहीं. तरीहि तीं चालूं राहिलीं. आमच्या मतें त्यांचें खरें गिऱ्हाईक मृत नव्हताच. ज्याला अजून मरावयाचें होतें तो होता. आपल्या बोटाला दोरी असेल आणि पलीकडे कोणीतरी जागा असेल, एवढ्या भरंवशावर तो आज रात्रीं झोंपूं शकत होता.

ज्यांना सार्वजनिक सोय पसंत नव्हती त्यांनीं खाजगी केली. ब्रन्स्विकचा ड्यूक फर्डिनंड हा १७९२ सालीं वारला. त्यानें आपली शवपेटी आधींच करवून घेतली होती. तिला खिडकी, हवेसाठीं नळी, आंतून उघडणारें कुलूप, आणि किल्ल्या प्रेतवस्त्राच्या खिशांत. एवढ्या तयारीनें परलोकीं जाणारा प्रवासी विरळा. १८९७ सालीं रशियाच्या झारच्या दरबारांतील काउंट कार्निस-कार्निकी यानें तर संपूर्ण यंत्रच पुढें आणलें. मृताच्या छातीवर कांचेचा गोळा; छाती किंचित् हलली कीं स्प्रिंग सुटे, जमिनीवरील पेटीचें झांकण उघडून हवा-उजेड आंत जाई, निशाण उभें राही आणि घंटा वाजे. दोष तोच, म्युनिचचा: जिवंतपणानें हलणें आणि कुजण्यानें हलणें यांतला भेद स्प्रिंगला कळत नसे.

यांना हंसणें सोपें आहे. परंतु या रांगेंत कोण कोण उभे आहेत तें पाहावें. संगीतकार शोपँ १८४९ सालीं पॅरिसमध्यें क्षयानें गेला; आपण जिवंत पुरले जाऊं नये म्हणून शरीर उघडावें, असें त्यानें सांगून ठेवलें होतें. त्याचें काढलेलें हृदय पुढें वॉर्सा येथील होली क्रॉस चर्चच्या खांबांत ठेवण्यांत आलें. लोक त्यास देशभक्तीचें प्रतीक मानतात, आणि तें आहेहि. पण त्याच्या मुळाशीं एका आजारी माणसाची ही विनवणीहि आहे. मुलांसाठीं परीकथा लिहिणारा अँडरसन प्रवासांत आगीच्या भीतीनें दोर बाळगी, आणि रात्रीं उशापाशीं चिठ्ठी ठेवी कीं, मी नुसता मेल्यासारखा दिसतों. आणि डायनामाइटचा जनक आल्फ्रेड नोबेल! २७ नोव्हेंबर १८९५ च्या ज्या मृत्युपत्रानें जगाला पारितोषिकें दिलीं, त्यांतच त्यानें लिहून ठेवलें आहे कीं, मृत्यूनंतर आपल्या शिरा उघडाव्या, मृत्यूचीं स्पष्ट चिन्हें जाणत्या डॉक्टरांनीं पाहावीं, आणि मग देहास अग्नि द्यावा.

मध्यंतरीं या आगींत तेल पडत होतेंच. १८३२ च्या पटकीनें पॅरिसमध्यें माणसें सकाळीं आजारी पडत आणि रात्रीं पुरलीं जात. अशा घाईंत चूक होणारच नाहीं असें कोण म्हणेल? १८४४ सालीं पो यानें आपली सुप्रसिद्ध कथा याच विषयावर लिहिली. उलटपक्षीं, लाएनेक यानें १८१६ सालीं शोधलेल्या स्टेथोस्कोपानें हृदयाचे ठोके थांबल्याची खात्री करतां येते, असें बूशू या तरुण फ्रेंच डॉक्टरानें दाखविलें व १८४८ सालीं त्यास पॅरिसच्या विज्ञान-अकादमीचें पारितोषिकहि मिळालें. शास्त्राच्या दृष्टीनें वाद तेथें मिटावयास हवा होता. तो मिटला नाहीं. कारण आतां शंका मृत्यूच्या लक्षणांविषयीं उरली नव्हती, तीं पाहणाऱ्याविषयीं होती. १८९६ सालीं लंडनमध्यें अकाल-दफन-निवारणाची संस्था काढणारा विल्यम टेब हा लस टोचण्याविरुद्धच्या चळवळीचाहि पुढारी होता, हा आम्हांस योगायोग वाटत नाहीं.

आपल्याकडे या भयानें मूळ धरलें नाहीं. नाकाशीं सूत धरून पाहणें, वाटेंत तिरडी विसाव्याला टेकणें एवढें होतें. मग चिता, आणि चितेनंतर शंकेस जागा राहत नाहीं. पण एवढेंच कारण नसावें. महाराष्ट्राच्या मनांत जमिनीखालीं जिवंत जाण्याचें जें चित्र शतकानुशतकें उभें आहे तें इंद्रायणीकांठचें आहे. १२९६ सालीं आळंदीस ज्ञानदेव समाधींत बसले; दाराशीं शिळा लागली; नामदेवांनीं त्या प्रसंगाचे अभंग रचले, आणि शोक आहे तो बाहेर राहिलेल्यांचा. पुढें अजानवृक्षाची मुळी समाधिस्थ ज्ञानदेवांच्या कंठास लागली, आणि ती दूर करण्यास एकनाथांना स्वप्नांत बोलावणें आलें, अशी परंपरेची कथा आहे. नीट पाहिलें तर म्युनिचची घंटा आणि एकनाथांचें स्वप्न यांत एकच अपेक्षा आहे: आंतल्याची हांक बाहेर कोणास तरी ऐकूं यावी. फरक इतकाच कीं, युरोपानें ती दोरीवर सोंपविली.

गंमत अशी कीं, युरोपच्या या वादांत आपल्याकडचा साक्षीदारहि ओढला गेला. १८३७ सालीं लाहोरास रणजितसिंहाच्या दरबारीं हरिदास नांवाच्या साधूनें चाळीस दिवस पुरून घेतल्याची हकीगत इंग्रज अधिकाऱ्यांनीं लिहून ठेवली, आणि संमोहनविद्येचा प्रवर्तक ब्रेड यानें १८५० सालीं तिच्यावर पुस्तिका लिहिली. हरिदासानें जें कौशल्य म्हणून दाखविलें, तें साहेबाच्या स्वप्नांत संकट म्हणून गेलें.

विसाव्या शतकांत मरण घरांतून इस्पितळांत गेलें, दाखला डॉक्टर देऊं लागला, युरोपांतहि दहन वाढलें. प्रेतगृहांच्या दोऱ्या सुटल्या. परंतु १९६७ च्या डिसेंबरांत केप टाउन येथें बर्नार्डनें एकाचें हृदय दुसऱ्यास बसविलें, आणि विन्स्लोव्हचा प्रश्न उलटा होऊन परत आला: हृदय चालूं असतां माणूस मेलेला असूं शकतो काय? १९६८ सालीं हार्वर्डच्या समितीनें मेंदूच्या मरणाच्या कसोट्या ठरविल्या. आपल्याकडे १९९४ च्या अवयव-प्रत्यारोपणाच्या कायद्यानें मस्तिष्कस्तंभाचा मृत्यु हा मृत्यु मानला. चार डॉक्टरांनीं प्रमाणपत्र द्यावयाचें, आणि तपासणी एकदां करून भागत नाहीं; निदान सहा तासांनीं ती पुन्हां करावयाची. तेवढा वेळ नातलग अतिदक्षता विभागाच्या दाराशीं बसून असतात. आंत यंत्राच्या जोरावर छाती वरखालीं होत असते, हात ऊबदार असतो; आणि अवयवदानाचा कागद पुढें आला म्हणजे सही करण्यापूर्वीं सुशिक्षित मुलगा डॉक्टरला विचारतो, तुम्ही पुन्हां एकदां पाहिलेंत ना?