रायपूर आणि राज्यशास्त्राचे अध्ययन

राज्य कोणाचे, ते कोणत्या अधिकाराने चालते आणि त्यात प्रजेचे स्थान काय, या प्रश्नांचा पद्धतशीर विचार म्हणजे राज्यशास्त्र. आम्हा रायपूरकर मराठी जनांना हे प्रश्न पाठ्यपुस्तकापुरते नाहीत. १७५८ मध्ये बिंबाजी भोसले रतनपुरास आले आणि छत्तीसगढात मराठी कारभार रुजला. १७८७ मध्ये त्यांच्या निधनानंतर नागपूरकरांनी हा प्रदेश सुभेदारांकरवी चालविला. १८१८ पासून इंग्रजांची देखरेख सुरू होऊन कारभाराचे ठाणे रतनपुराहून रायपुरास आले आणि १८५४ मध्ये नागपूरचे राज्यच खालसा झाले. राज्य गेले, तरी मराठी घरे येथेच राहिली. कालचे राज्यकर्ते आता इतरांसारखेच प्रजाजन झाले.

या नव्या भूमिकेचा अर्थ ज्यांनी प्रथम ओळखला, त्यांत माधवराव सप्रे अग्रगण्य होत. १८७१ मध्ये दमोह जिल्ह्यात जन्मलेल्या सप्र्यांचे शिक्षण बिलासपूर-रायपुरास झाले. १९०० मध्ये त्यांनी पेंड्र्याहून 'छत्तीसगढ मित्र' काढले आणि १९०७ मध्ये नागपुराहून 'हिंदी केसरी' सुरू करून टिळकांचा राजकीय विचार हिंदी वाचकांपर्यंत नेला. १९०८ मध्ये त्यांना राजद्रोहाच्या आरोपाखाली अटक झाली. पुढे रायपुरात राहून त्यांनी 'दासबोध' आणि 'गीतारहस्य' हिंदीत आणले. विद्यापीठ नसलेल्या या प्रदेशात वृत्तपत्र हीच राज्यशास्त्राची शाळा होती.

विद्यापीठीय शिक्षण येथवर पोहोचण्यास बराच काळ गेला. नागपूर विद्यापीठ १९२३ मध्ये स्थापन झाले. रायपुरात छत्तीसगढ महाविद्यालय निघाले ते १९३८ मध्ये. तोवर पदवीसाठी गाव सोडण्यावाचून गत्यंतर नव्हते. पुढे येथील महाविद्यालये सागर विद्यापीठाशी जोडली गेली आणि १९६४ मध्ये रायपुरातच रविशंकर विद्यापीठ उभे राहिले. मग घरी राहून राज्यशास्त्राची पदवी घेणे शक्य झाले.

दरम्यान, राज्यशास्त्राचा एक धडा आम्ही घर न बदलता शिकलो. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत विदर्भ मुंबई राज्यात गेला आणि आमची राजधानी नागपुराहून भोपाळला गेली. १ नोव्हेंबर २००० रोजी छत्तीसगढ राज्य झाले आणि राजधानी आमच्या दारी आली. सीमा माणसे आखतात व पुन्हा पुसतात, हे सांगण्यास आम्हांस वेगळ्या ग्रंथाची गरज उरली नाही.

आज आमची मुले घरी मराठी बोलतात आणि वर्गात राज्यशास्त्र हिंदीतून शिकतात. त्यामुळे वारसा निसटेल, अशी चिंता अनेक पालकांस वाटते. सप्र्यांचे उदाहरण निराळेच सांगते. त्यांनी मराठी विचारधन शेजाऱ्यांच्या भाषेत नेले. त्याने मराठीचे काही उणे झाले नाही. मात्र मुलांनी भोसल्यांच्या कारभाराचा अभ्यास करताना केवळ अभिमान बाळगू नये; त्या राज्यात येथील रयतेच्या वाट्यास काय आले, हेही विचारावे. आपल्याच पूर्वजांच्या सत्तेस हा प्रश्न विचारण्याचे धैर्य ज्यास आले, त्याचे राज्यशास्त्राचे अध्ययन सार्थकी लागले, असे आम्ही मानतो.