काळ्या पाण्याची टाकी

माशांच्या टाकीतले पाणी चहासारखे तपकिरी झाले की आपण ते लगेच ओतून देतो. ॲमेझॉनची उपनदी रिओ निग्रो मात्र मुळातच अशी आहे. नावाचा अर्थच 'काळी नदी'. आल्फ्रेड रसेल वॉलेस १८५० ते १८५२ या काळात तिच्यावर हिंडले. कुजणाऱ्या पानामुळांचा अर्क पाण्यात उतरून हा रंग येतो, असे त्यांनी १८५३ च्या प्रवासवर्णनात लिहिले. परतताना जहाजाला आग लागली आणि सोबतचा सारा संग्रह गेला. वाचलेल्या थोड्या कागदांत तिथल्या माशांची पेन्सिलने काढलेली चित्रे होती!

आम्हीही देशी बदामाची वाळलेली पाने विहिरीच्या पाण्यात टाकून पाहिली. रंग सुरेख आला, पण दर्शक कागदावर सामू हलेना. पानांतली आम्ले त्या दुष्फेन पाण्यातली बायकार्बोनेटे उदासीन करून टाकत होती. रिओ निग्रोत क्षार जवळजवळ नाहीतच, म्हणून तिचा सामू ४ ते ५ पर्यंत उतरतो. रंग म्हणजे काळे पाणी नव्हे, हे आमच्या उशिराच ध्यानात आले. मग तीच पाने साठवलेल्या पावसाच्या पाण्यात टाकली आणि सामू उतरू लागला. मासे सोडण्यापूर्वी त्यात थोडे विहिरीचे पाणी मात्र मिसळले.