विस्मरणातून परतलेली बासरी

रेकॉर्डर म्हटले की आपल्यापैकी बहुतेकांना टेपरेकॉर्डर आठवतो. परंतु ध्वनिमुद्रणाचा शोध लागण्यापूर्वी कित्येक शतके इंग्लंडमध्ये या नावाचे एक वाद्य वाजत होते. ते लाकडाचे, उभे धरून वाजवायचे. आपल्या जत्रांतून चोचीची बासरी मिळते, त्याच जातीचे. तोंडाकडच्या भागात एक गुटका बसवलेला असतो. फुंकलेली हवा त्याच्या लगतच्या अरुंद फटीतून जाऊन पुढच्या धारेवर आपटते आणि सूर निघतो. समोर सात भोके, मागे अंगठ्यासाठी एक. बस, एवढेच.

मी कवी असल्यामुळे वाद्याआधी माझे लक्ष त्याच्या नावाकडे गेले. ‘रेकॉर्ड’ या इंग्रजी क्रियापदाचा एक जुना अर्थ पाठ करणे, आठवून म्हणणे असा होता. पाखराने गाण्याचा सराव करणे यालाही तोच शब्द होता. त्याच्या लॅटिन मुळात ‘हृदय’ हा शब्द दडलेला आहे. ज्याला संपूर्ण कुराण मुखोद्गत आहे त्याला आम्ही हाफिज म्हणतो, म्हणजे जतन करणारा. वारकऱ्यांच्या घरातही अभंग कागदाआधी जिभेवर येतात. पाठांतराचे नाव धारण करणारे हे वाद्य मात्र स्वतःच शतकाहून अधिक काळ विसरले गेले. ते परत कसे आले, ही गोष्ट मला फार मोलाची वाटते.

एके काळी त्याचा थाट मोठा होता. राजा आठवा हेन्री १५४७ मध्ये वारला, तेव्हा त्याच्या मालमत्तेच्या यादीत ७६ रेकॉर्डर होते. शेक्सपिअरच्या ‘हॅम्लेट’मध्ये राजपुत्र हेच वाद्य पुढे करून गिल्डनस्टर्नची खोड मोडतो. लंडनचा रोजनिशीकार सॅम्युअल पेपिस १६६८ च्या फेब्रुवारीत एका नाटकातले सुषिर वाद्यांचे संगीत ऐकून इतका विरघळला, की एप्रिलमध्ये त्याने दुकानात जाऊन रेकॉर्डर विकत घेतला. पुढे बाख आणि हँडेल यांनीही त्याच्यासाठी लिहिले.

मग जमाना बदलला. रेकॉर्डरवर जोराने फुंकले की आवाज मोठा होण्याऐवजी सूरच चढतो, हळू फुंकले की उतरतो. घरातल्या बैठकीत हे चालून जाई. अठराव्या शतकात मैफली मोठ्या सभागृहांत गेल्या, वाद्यवृंद वाढले, आणि आवाज कमी-जास्त करू शकणारी आडवी बासरी पुढे सरसावली. रेकॉर्डर वाजवणारे गेले, शिकवणारे गेले. वाद्ये उरली ती संग्रहालयांतल्या काचेमागे.

आपल्याकडे गुरूसमोर बसल्याखेरीज विद्या येत नाही, असे मानतात. ज्या वाद्याचा शेवटचा गुरू कधीच काळाआड गेला आहे, ते शिकायचे कोणाकडून? १८५८ मध्ये फ्रान्समध्ये जन्मलेले आणि इंग्लंडमध्ये स्थायिक झालेले अर्नोल्ड डॉल्मेच यांच्यापुढे हाच प्रश्न होता. ते जुनी वाद्ये जमवत, दुरुस्त करत, नवी घडवत. १९०५ मध्ये त्यांनी लिलावात ब्रेसाँ या अठराव्या शतकातल्या नामांकित कारागिराचा रेकॉर्डर घेतला आणि जुन्या पुस्तकांच्या आधाराने तो वाजवू लागले.

१९१९ च्या एप्रिलमध्ये हे कुटुंब लंडनहून हॅसलमिअर या आपल्या गावी परतत होते. वॉटर्लू स्टेशनच्या फलाटावर एक पिशवी राहून गेली. ती सात वर्षांच्या कार्लकडे सोपवलेली होती, असे सांगतात. पिशवीत तो रेकॉर्डर होता. सुदैवाने डॉल्मेच यांच्यापाशी त्याची मोजमापे होती. त्यांवरून अनेक प्रयत्नांनंतर त्यांनी नवा रेकॉर्डर घडवला. मूळ वाद्य हाताशी असते, तर कदाचित एकाच घरात एकच रेकॉर्डर वाजत राहिला असता. ते हरवले म्हणून घडवण्याची विद्या हाती आली.

ऑगस्ट १९२५ मध्ये डॉल्मेच यांनी हॅसलमिअरला प्राचीन संगीताचा महोत्सव भरवला. वाजवणारे मुख्यतः घरचेच लोक आणि शिष्य. पुढच्या वर्षी तिथे लहानमोठ्या रेकॉर्डरांचा पूर्ण ताफा एकत्र वाजला. ज्याच्या हातून पिशवी राहिली होती, तो कार्ल पुढे या वाद्याचा मोठा वादक झाला.

पहिल्या महोत्सवाला पीटर हार्लान नावाचा जर्मन वाद्य-कारागीर आला होता. मायदेशी परतल्यावर त्याने रेकॉर्डर बनवायला घेतले, पण बोटे ठेवण्याची रीत ‘सोपी’ करून. त्यामुळे एक स्वर सोपा झाला आणि दुसरे काही अवघड. ही स्वस्त वाद्ये जर्मनीत झपाट्याने पसरली. दुसऱ्या महायुद्धानंतर डॉल्मेच यांच्या कारखान्यातूनही बेकेलाइटचे रेकॉर्डर निघू लागले. इंग्लंडमधल्या शाळाशाळांतून मुले ते फुंकू लागली. वाद्य जगले, पण ‘पोरांचे खेळणे’ म्हणून. लोकांना नाव माहीत झाले, संगीत नाही.

ती प्रतिष्ठा परत मिळवून देण्यात डच वादक फ्रान्स ब्रुगेन (१९३४–२०१४) यांचा वाटा मोठा आहे. त्यांच्याच देशात, उत्रेख्त शहरात, १९८२ पासून प्राचीन संगीताचा मोठा महोत्सव भरतो. उन्हाळ्याच्या अखेरीस सभागृहांत आणि जुन्या चर्चमध्ये मैफली होतात, नव्या दमाच्या वादकांनाही जागा मिळते. त्यातले सगळेच सतराव्या शतकातले जसेच्या तसे असते, असा दावा कोणी शहाणा माणूस करणार नाही. कागदावर स्वर असतात, श्वास नसतो. तो आजच्या वादकालाच घालावा लागतो. महोत्सवाचे महत्त्व मला इथे वाटते. अभ्यासकाचा अंदाज तिथे श्रोत्यांच्या कानावर पारखला जातो. गुरू नसला, तर निदान श्रोता तरी हवा.

उत्रेख्तला हे जुनेच माहीत आहे. याकोब फान आइक हा आंधळा संगीतकार तिथल्या डोम मनोऱ्यातल्या घंटा वाजवी. घंटांच्या नादाचे त्याचे ज्ञान असे होते, की त्या ओतणारे कारागीर त्याचा सल्ला घेत. तो रेकॉर्डरही वाजवी. लोकांच्या ओठांवरच्या चाली आणि त्यांची त्याने रचलेली रूपे, अशा सुमारे दीडशे रचनांचा त्याचा संग्रह १६४० च्या दशकात छापला गेला. त्याला दिसत नसल्यामुळे त्या दुसऱ्याने उतरवून घेतल्या होत्या. आज रेकॉर्डर गंभीरपणे शिकणारा प्रत्येक जण त्या संग्रहाकडे येतो. १६४९ मध्ये तिथल्या यान्स चर्चने त्याचा पगार ८० गिल्डरांवरून १०० केला. अट एकच होती : संध्याकाळी चर्चच्या आवारात फिरायला येणाऱ्यांना त्याने आपली छोटी बासरी ऐकवायची. वीस गिल्डर ही काही मोठी रक्कम नव्हे. पण ते संगीत आजही वाजते आहे, त्यामागे त्या वीस गिल्डरांचाही हात आहे, असे मला वाटते.