साला
साला : (लॅटव्हियन उच्चार ‘सला’). लॅटव्हियन आणि (फिलिपीन्समधील) टागालोग भाषांत sala या रोमन अक्षरांत, तर स्वीडिशमध्ये ‘साल’ या रूपात आढळणारा शब्द. लॅटव्हियनमध्ये त्याचा अर्थ बेट. रीगा शहरातील दौगावा नदीतले झाक्युसला म्हणजे सशांचे बेट. थंडीचा कडाका या अर्थाच्या ‘सल्स’ शब्दाचे षष्ठीचे रूपही हेच आहे. म्हणून तिथला नाताळबाबा ‘सलातेव्स’, थंडीचा बाप ठरतो. स्वीडिश ‘साल’ म्हणजे मोठे दालन, टागालोग ‘साला’ म्हणजे दिवाणखाना.

स्वीडन आणि लॅटव्हिया बाल्टिक समुद्राच्या समोरासमोरच्या काठांवर, दोन्ही भाषा इंडो-युरोपीय. तेव्हा सगे शब्द या दोघींचेच असणार, असे वाटते. अर्थ आणि इतिहास मात्र फिलिपीन्सकडे बोट दाखवतात. स्वीडिश ‘साल’ ज्यातला, तोच दालनवाचक जर्मानिक शब्द स्पॅनिशमध्ये ‘साला’ झाला आणि १५६५ पासूनच्या स्पॅनिश वसाहतीबरोबर टागालोगमध्ये रुजला. पोर्तुगिजांमुळे तोच गोव्यातील घरांतही शिरला. उसनवारीने नाते कसे सिद्ध होते, असा आक्षेप घेता येईल. भाषांचे नाते त्याने सिद्ध होत नाहीच. पण शब्दाची वंशावळ भाषेच्या वंशावळीपासून वेगळी चालू शकते. उच्चारसाम्यावर विसंबणाऱ्यांना टागालोगच अडवते : तिथे पाप, चूक या अर्थाचा दुसरा ‘साला’ अस्सल ऑस्ट्रोनेशियन असून मलाय ‘सालाह’चा भाऊबंद आहे. आपल्या ‘शाळे’चा मोहही आवरावा, संस्कृत ‘शाला’ सहसा ‘साल’शी नव्हे, स्वीडिश ‘हाल’शी जोडतात.