काचघरातली चूल

दिवाळीच्या सुट्टीला जोडून नऊ दिवस काढावेत आणि स्वस्तात स्वस्त असा एखादा परदेश पाहून यावा, असा बेत आम्ही चार मित्रांनी यंदा श्रावणात केला. परदेश म्हणजे विलायत नव्हे. ती आमच्या ऐपतीपलीकडची. आमचा परदेश म्हणजे नेपाळ. मनमाडला गाडीत बसावे, गोरखपूरला उतरावे, बसने सोनौलीची सरहद्द ओलांडावी आणि पोखरा-काठमांडू पाहून आल्या वाटेने परतावे. व्हिसाची कटकट नाही, मतदार ओळखपत्र दाखवले की भागते, आणि आपल्या १०० रुपयांचे तिकडे १६० होतात. ज्यांच्या हातात रुपया कधी वाढला नाही अशा माणसांना हा शेवटचा मुद्दा फार मोह घालतो.

आम्ही चौघे म्हणजे आमच्या शाळेचे गणितमास्तर, पोस्टात नोकरी करणारे एक स्नेही, शाळेचा शिपाई आणि मी. शिपाई माझा बालमित्र. मॅट्रिकपर्यंत आम्ही एकाच बाकावर बसलो. पुढे मी मास्तर झालो, कादंबऱ्या लिहू लागलो; तो घंटा वाजवू लागला. शाळेत तो मला 'सर' म्हणतो आणि गोदावरीच्या घाटावर 'अरे' म्हणतो. मुळात नेपाळची कल्पना त्याचीच. तो माळकरी. ज्या गंडकीत शाळिग्राम सापडतो त्या नदीचे पाणी एकदा डोळ्यांना लावावे, एवढीच त्याची इच्छा.

गणितमास्तरांनी कागद मांडला. माणशी रेल्वे आणि बस ५,००० रुपये, मुक्काम ३,०००, जेवण ४,५००, तिकडचे फिरणे २,५००, किरकोळ १,०००, एकूण १६,०००. शिपायाने भिशीतून साठवलेले होते १०,०००. शिवाय जेथे मांस शिजते त्या चुलीवरचे तो खात नाही. एका संध्याकाळी तो नसताना आम्ही तिघे पोस्टाच्या ओट्यावर बसलो. कोणी तरी म्हणाले, "त्याला पैसे पुरणार नाहीत, आणि त्याच्यामुळे आपल्यालाही उपास घडतील. या खेपेला तिघेच जाऊ." त्यावर मी मान डोलावली. ती डोलावलेली मान मला अजून टोचते, म्हणून हे लिहायला बसलो आहे.

घरी येऊन टिपणांची वही उघडली. मी काही इतिहासाचा पंडित नव्हे. पण कोपरगावात राहून राघोबादादांवर कादंबरी लिहावी असे वाटले नाही तर तो लेखक कसला! दादांचे अखेरचे दिवस आमच्या या गावी गेले. त्यांचा वाडा येथे होता, जवळच्या हिंगणीसही त्यांनी वाडा बांधायला घेतला होता. लोकांच्या तोंडी दादा दोनच गोष्टींनी उरले आहेत. एक अटकेपारचा झेंडा, आणि दुसरा 'ध'चा 'मा'. माझ्या वहीत मात्र एक तिसरी गोष्ट होती, परदेशच्या प्रवासाची. त्या रात्री ती मी नव्याने वाचली.

३० ऑगस्ट १७७३ रोजी शनिवारवाड्यात नारायणरावांचा खून झाला. दादांना पेशवाई मिळाली खरी, पण ती टिकली नाही. बारभाईंनी त्यांना पुण्याबाहेर काढले आणि दादा इंग्रजांच्या आश्रयास गेले. मार्च १७७५ मध्ये सुरतेचा तह झाला. अडीच हजार फौजेच्या खर्चापोटी दरमहा दीड लाख रुपये द्यायचे, साष्टी आणि वसई तोडून द्यायची, आणि तारण म्हणून सहा लाखांचे जडजवाहीर कंपनीपाशी ठेवायचे. एवढे करूनही गादी काही मिळेना. मुंबईकर इंग्रज करार करीत, कलकत्तेकर तो मोडीत. तेव्हा दादांच्या मनाने घेतले की, या दोघांच्या वरचे जे घर आहे तेथेच दाद मागावी. ते घर म्हणजे लंडन.

लंडनला पाठवायची माणसे निघाली ती अशी: हणमंतराव नावाचे एक ब्राह्मण, आणि मनियार रतनजी व त्यांचा मुलगा कर्सेटजी असे दोघे पारशी. वाचकहो, आज आपण विमानाच्या तिकिटाचा भाव पाहतो. हणमंतरावांना पाहायचे होते ते निराळेच. बौधायनाच्या धर्मसूत्रात पतनाला नेणाऱ्या कर्मांच्या यादीत पहिलेच नाव समुद्रप्रवासाचे आहे. गंमत अशी की, त्याच बौधायनाने समुद्रावर जाणे ही उत्तरेकडच्या लोकांची रीत म्हणूनही नोंदवली आहे. म्हणजे लोक जात होते म्हणूनच तर निषेध लिहावा लागला! तरीही पेशवाईतल्या ब्राह्मणाला जहाजावर पाय ठेवणे म्हणजे घरच्या पंक्तीतले आपले पान आपल्याच हाताने उचलणे होते. पारशी मंडळींना तसला धाक नव्हता. असे हे तिघे एका कामासाठी निघाले, पण त्यांच्यात अन्नाचे नियम एक नव्हते. सहल असो की वकिली, सोबत्यांची खरी कसोटी रस्त्यात लागत नाही, ताटावर लागते.

समुद्राने ते सुएझपर्यंत गेले आणि पुढे युरोप गाठून १७८१ च्या सुमारास लंडनात पोचले. तेथे त्यांचे हाल झाले. ब्राह्मणाला स्वयंपाकासाठी स्वतंत्र जागा लागते, स्नानाला आणि देवपूजेला आडोसा लागतो, परक्याची सावली चुलीवर पडलेली चालत नाही, हे त्या शहराला ठाऊक असण्याचे कारणच नव्हते. दुष्टावा कोणाचा नव्हता. पण उपाशी माणसाला, आपण दुष्टाव्याने उपाशी आहोत की अज्ञानाने, याने काय फरक पडतो?

ही हकीकत एडमंड बर्कच्या कानी गेली. हाच तो पार्लमेंटातला वक्ता, ज्याने पुढे वॉरन हेस्टिंग्जवर खटला उभा केला. तो खटला १७८८ पासून १७९५ पर्यंत चालला. बर्कने हणमंतरावांना आणि त्यांच्या सोबत्यांना लंडनहून दहा-बारा कोसांवर बीकन्सफील्ड येथील आपल्या घरी नेले. आता मोठ्या माणसाच्या घरी खोल्यांना काय तोटा? पण सजवलेल्या खोल्या हणमंतरावांच्या कामाच्या नव्हत्या. बर्कच्या बागेत एक काचघर होते. तिकडच्या थंडीत नाजूक झाडे जगावीत म्हणून काचेच्या भिंतींची खोली बांधतात, तसले. ते त्याने पाहुण्यांना मोकळे करून दिले. रांधा, वाढा, आपल्या रीतीने पूजाअर्चा करा. आत कोणी येणार नाही.

पुढे बर्कने दादांना पत्र लिहिले. त्याचा आशय असा की, तुमच्या वकिलांना आमच्या देशात त्रास झाला तो अनादरामुळे नव्हे, आम्हांला तुमच्या चालीरीती ठाऊक नव्हत्या म्हणून. आता त्या कळल्या आहेत, यापुढे कोणी आला तर त्याची सोय नीट करता येईल. पेशवाईच्या बखरी आणि कागदपत्रे मी पुष्कळ चाळली, पण परक्या राज्यातल्या मोठ्या माणसाने पाहुण्याच्या चुलीबद्दल दिलगिरी दाखवल्याचे दुसरे उदाहरण मला आढळले नाही.

राजकारणाच्या हिशेबाने म्हणाल तर ही सफर फसली. १७ मे १७८२ रोजी सालबाईचा तह झाला, इंग्रजांनी दादांचा पक्ष सोडला, आणि दरमहा पंचवीस हजारांची नेमणूक घेऊन दादांनी कोठे तरी स्वस्थ बसावे असे ठरले. दादांनी बसायला गोदाकाठचे कोपरगाव निवडले, आणि डिसेंबर १७८३ मध्ये त्यांचा अंत झाला.

पण वकील परत आले त्याची कथा याहून विलक्षण आहे. ती विल्फर्ड नावाच्या कप्तानाने 'एशियाटिक रिसर्चेस'मध्ये नोंदवून ठेवली आहे. तो एकाऐवजी दोन ब्राह्मण सांगतो, एवढा भेद सोडला तर गोष्ट हीच. परतताना ही मंडळी इराणच्या बाजूने आली आणि त्यांना सिंधू ओलांडावी लागली. म्हणजे समुद्राचा दोष होताच, त्यावर अटक ओलांडल्याचा दोष चढला. आता दैवाची थट्टा पाहा. १७५८ मध्ये याच दादांनी लाहोरपर्यंत धडक मारली, मराठी फौजेची ठाणी अटकेला बसली, आणि 'अटकेपार झेंडे लावणे' हा मराठी भाषेतला सर्वांत अभिमानाचा वाक्प्रचार झाला. फौज नदीपलीकडे गेली तो पराक्रम ठरला. त्याच दादांचे वकील तीच नदी ओलांडून घरी आले, ते पतित ठरले!

ब्रह्मवृंदाच्या सभांवर सभा झाल्या. शेवटी निर्णय निघाला की, माणसे सच्छील आहेत, गेली ती देशाच्या कामासाठी गेली. तेव्हा त्यांना नवा जन्म देऊन परत घ्यावे. विधी असा की, सोन्याची स्त्री अथवा गाय करावी आणि दोषी माणसाने तिच्या पोटातून जन्म घेतल्याप्रमाणे बाहेर पडावे. एवढी मोठी मूर्ती फार खर्चाची, म्हणून केवळ जन्मद्वाराची सोन्याची प्रतिमा केली तरी चालते, अशी काटकसरीची सोयही शास्त्रात होती. दादांनी ती पूर्ण आकाराची, शुद्ध सोन्याची करवली, अमाप दक्षिणा वाटली, आणि वकिलांची पुन्हा मुंज होऊन ते पंक्तीला बसले.

दादांबद्दल माझ्या मनात फारसे ममत्व नाही. पण येथे मला थांबावेसे वाटले. ज्याने सारे गमावले, ज्याचे जवाहीर इंग्रजांपाशी तारण पडले होते, त्याने आपल्या माणसांना परत घरात घेण्यासाठी सोने ओतले. काम फसले होते, तरी माणसे टाकली नाहीत. आणि १६,००० रुपयांच्या कागदावरून मी माझ्या बाकावरचा सोबती खोडून आलो होतो.

ही अन्नाची शिवाशिव पुढेही लवकर संपली नाही. १८९० मध्ये पुण्याच्या पंचहौद मिशनात नामवंतांनी चहा घेतला, तर टिळक-रानड्यांसारख्यांनाही प्रायश्चित्ताच्या वादातून जावे लागले. आज ते सारे वाचून आपण हसतो. पण मित्राची चूल अडचणीची वाटली म्हणून त्याला मागे ठेवणारे आम्ही तिघे काय मोठे सुधारलेले होतो? सोवळ्याच्या जागी सोय आली, इतकेच.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मी त्याला घेऊन बेटावर गेलो. कोपरगाव बेट म्हणजे शुक्राचार्यांचे स्थान. तेथे त्यांचे देऊळ आहे आणि कचेश्वराचेही. कच हाही परदेशी गेलेलाच. देवांच्या मुलखातून असुरांच्या मुलखात, संजीवनी विद्येसाठी. असुरांनी त्याला तिसऱ्यांदा मारले तेव्हा त्याची राख मद्यातून गुरूच्याच पोटात घातली, आणि विद्या शिकून तो गुरूची कूस फोडून नव्याने जन्मला. म्हणजे परदेशातून परत यायचे तर दुसरा जन्म घ्यावा लागतो, ही गोष्ट आमच्या गावाला हणमंतरावांच्या कितीतरी आधीपासून ठाऊक होती.

घाटावर बसून मी त्याला हणमंतरावांची सगळी कथा सांगितली, आणि पोस्टाच्या ओट्यावरची माझी मानही सांगितली. तो बराच वेळ पाण्याकडे पाहत राहिला. मग म्हणाला, "अरे, त्या सोन्याचं पुढं काय झालं?"

"ब्राह्मणांनी वाटून घेतले असणार," मी म्हटले.

"आणि त्या सायबाला चुलीचा खर्च किती आला?"

"काय येणार? काचघर होतेच. झाडे बाजूला सरकवली असतील."

"मग हणमंतरावाला खरा परत कुणी आणला? सोन्यानं, का चुलीनं?"

मला उत्तर सुचले नाही. सकाळी मी ते गणितमास्तरांच्या कागदावर शोधले. चौघांनी शिधा बरोबर न्यायचा आणि धर्मशाळेत विजेच्या भांड्यात भात-पिठले शिजवायचे असे धरले, तर जेवणाचे ४,५०० चे १,५०० होतात. माणशी खर्च १३,००० वर येतो. त्याला कमी पडतात ३,०००. आम्ही तिघांनी हजार-हजार घातले तरी आमचे प्रत्येकी दोन हजार वाचतात. गणितमास्तरांनी बेरीज दोनदा तपासली, चष्मा पुसला आणि म्हणाले, "म्हणजे तो महाग नव्हता. आपले हॉटेल महाग होते."

पैसे घ्यायला तो प्रथम तयार होईना. मग म्हणाला, "उसने म्हणून घेतो. आणि रांधायचं मात्र पाळीपाळीनं; मी तुमचा आचारी म्हणून यायचा नाही." आम्ही कबूल केले. पोस्टातले स्नेही सध्या घरी भात लावायला शिकत आहेत. दोनदा करपला, असे वहिनी सांगत होत्या.

हा अंक आपल्या हाती पडेल तेव्हा आमच्या पिशव्या भरून झालेल्या असतील. रस्ता नारायणघाटाजवळ गंडकी ओलांडतो. तेथे बस थांबवायला सांगायचे, एवढे आम्ही कागदावर सर्वांत वर लिहून ठेवले आहे.